बळी, दान आणि राज्य : ‘दोरोरो’ ह्या जपानी चित्रमालिकेचे गुणदोष

राजाने आपला मुलगा एखाद्या देवतेला बोलावा, देवतेने तो मागावा आणि मुलाने मात्र मरण्याचे नाकारावे, हे कथाबीज आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणाइतके जुने आहे. त्याच जातीचे बीज फार वेगळ्या मातीत कसे रुजले आणि त्याला कोणती फळे आली, हे पाहावयाचे झाल्यास २०१९ साली जपानी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेली ‘दोरोरो’ ही चोवीस भागांची चित्रमालिका अभ्यासकाला उपयोगी पडते. ‘ॲनिमे’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या चित्रमालिकांत तलवारबाज नायक, पिशाच्चे, रक्तपात आणि काळोखी वातावरण ह्यांवर उभारलेल्या तमोमय अद्भुतकथांचा एक वेगळा वर्गच आहे. त्या वर्गातील बहुसंख्य कृती अनुकरणाच्या पातळीवर राहतात. ‘दोरोरो’ही त्या वर्गाचे सारे दोष अंगावर बाळगून आहे, परंतु तिच्या पोटात एक खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो तिने पुष्कळ अंतरापर्यंत प्रामाणिकपणे हाताळला आहे. कोठपर्यंत हाताळला आणि कोठे सोडून दिला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृतीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ओसामू तेझुका (१९२८–१९८९) ह्या चित्रकथाकाराने १९६७ साली ‘दोरोरो’ ही चित्रकथा एका बालसाप्ताहिकातून क्रमशः लिहावयास घेतली. शिगेरू मिझुकी ह्याच्या भूतपिशाच्चांच्या चित्रकथांनी त्या काळी जपानमध्ये मोठी लोकप्रियता मिळवली होती आणि तेझुकाची कथा त्याच वातावरणात जन्मली. साप्ताहिकातील प्रकाशन १९६८ मध्ये थांबले. १९६९ मध्ये दुसऱ्या नियतकालिकातून ती पुढे नेऊन घाईने संपविण्यात आली. त्याच वर्षी तिच्यावर सव्वीस भागांची कृष्णधवल चित्रमालिका निघाली. म्हणजे २०१९ ची मालिका ही मूळ कृती नव्हे. अर्ध्यावर सोडलेल्या एका संहितेचे पन्नास वर्षांनंतर केलेले ते पुनर्लेखन आहे. दिग्दर्शन काझुहिरो फुरुहाशी ह्यांचे, तर कथेची मांडणी यासुको कोबायाशी ह्यांची आहे. ‘दोरोरो’ हे नाव चोर ह्या अर्थाच्या ‘दोरोबो’ ह्या शब्दाचा बोबडा उच्चार होय. ते कथेतील एका भटक्या पोराचे नाव आहे. नायक तो नव्हे. नायकाचे नाव ह्याक्किमारू.

दाइगो कागेमित्सु हा एक लहानसा सरदार. काळ पंधराव्या शतकातील, ओनिनच्या युद्धाने (१४६७–१४७७) देश विस्कटून टाकला त्या सुमाराचा. दुष्काळ, रोगराई आणि शेजारच्या सरदारांची आक्रमणे ह्यांनी दाइगोचा मुलूख उजाड झालेला आहे. तो ‘नरकमंदिर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळात जाऊन बारा दैत्यमूर्तींपुढे नवस बोलतो : मुलुखाला भरभराट द्या, माझ्याजवळचे हवे ते घ्या. त्याच वेळी त्याची पत्नी प्रसूत होते. जन्मलेल्या मुलाला त्वचा नाही, डोळे नाहीत, कान नाहीत, हातपाय नाहीत. दैत्यांनी आपापला वाटा उचलला आहे. बाप मुलाची विल्हेवाट लावण्यास सांगतो. सुईणीच्या हातून हत्या होत नाही, ती त्याला होडीत घालून नदीत सोडते. जुकाई नावाचा एक वैद्य त्याला वाढवतो, लाकडाचे हातपाय बसवतो आणि त्या कृत्रिम हातांत तलवारीची पाती दडवतो. मोठा झालेला ह्याक्किमारू दैत्यांना शोधून मारीत जातो. एकेक दैत्य पडला की एकेक अवयव त्याला परत मिळतो. मूळ चित्रकथेत दैत्य अठ्ठेचाळीस होते. नव्या मालिकेने ते बारांवर आणले हा केवळ सोयीचा भाग नाही. अवयव मोजके झाल्यामुळे प्रत्येक लाभाला कथेत स्वतःचे वजन आले.

नदीत सोडलेल्या मुलामुळे आपल्याला कर्ण आठवावा हे स्वाभाविक आहे. जपानी श्रोत्याला मात्र प्रथम आठवेल तो ‘कोजिकी’ ह्या इ. स. ७१२ मधील ग्रंथातील हिरुको : आदिदांपत्याचे पहिले, जळूसारखे अस्थिहीन अपत्य, जे बोरूच्या नावेत घालून सोडून देण्यात आले. साम्यांची अशी यादी वाढविण्यात फारसा अर्थ नाही. साम्य जेथे मोडते तेथे पाहावे. कर्णाने अंगावरची कवचकुंडले स्वतः कापून दिली. शिबीने स्वतःचे मांस तराजूत टाकले. दधीचीने अस्थी दिल्या. आपल्या परंपरेने शरीराच्या तुकड्यांची जी थोर कथानके रचली, त्यांत देणारा आणि दिले जाणारे शरीर एकाच मालकीचे आहे, म्हणूनच त्यांना ‘दान’ हा शब्द लावता येतो. श्रियाळ-चांगुणेच्या कथेत चिलयाचा बळी आईबाप देतात. तेथे मालकीचा हा प्रश्न उपस्थित होतो, पण कथा तो लगेच मिटवून टाकते, कारण ‘शिवलीलामृता’तील चिलया स्वतःच सिद्ध आहे आणि शेवटी शिव त्याला जिवंतही करतो. ह्याक्किमारूची अवस्था ह्या सर्वांच्या उलट आहे. त्याचे शरीर त्याच्या मालकीचे होण्यापूर्वीच दुसऱ्याने देऊन टाकले. त्यामुळे त्याला दाता होण्याची संधीच नाही. हा अपहार आहे, दान नव्हे. आणि मालिकेचे सामर्थ्य ह्यात आहे की बारा दैत्यांपेक्षा ह्या एका भेदाकडे ती अधिक लक्ष देते. दाइगो म्हणतो, मी माझे दिले. ह्याक्किमारूला बोलता येऊ लागते तेव्हा त्याचे म्हणणे फार थोड्या शब्दांचे असते : हे माझे आहे.

शुनःशेपाच्या आख्यानाशी तुलना येथेच करावी. हरिश्चंद्राने वरुणाला पुत्र बोलून पुत्र मिळवला आणि मग दात येऊ देत, दात पडू देत, परत येऊ देत, शस्त्र धारण करू दे, असे म्हणत तो दिवस ढकलीत राहिला. रोहित अरण्यात पळाला, बापाला जलोदर झाला. अखेर अजीगर्ताकडून शंभर गाईंना मधला मुलगा विकत घेण्यात आला, कारण थोरला बापाला आणि धाकटा आईला सोडवेना. बांधण्यासाठी आणखी शंभर गाई, मारण्यासाठी आणखी शंभर. ह्या आख्यानाचे एक वैशिष्ट्य आपण वाङ्मयाचे अभ्यासक पुष्कळदा विसरतो : ते राजसूयात, अभिषेकानंतर, होत्याने राजाला ऐकवावयाचे आहे. राज्यावर बसणाऱ्या माणसाला, त्याच दिवशी, विकलेल्या मुलाची गोष्ट सांगितली जाते. ‘दोरोरो’ची रचनाही मूलतः राजाला ऐकविण्याच्या गोष्टीची आहे. फरक एवढाच की शुनःशेपाचे पाश सुटतात त्याच क्षणी हरिश्चंद्राचे पोटही उतरते, मुलाची मुक्ती आणि राजाचे आरोग्य परस्परविरोधी राहत नाहीत; ‘दोरोरो’त मात्र मुलाचा प्रत्येक अवयव सुटला की राज्याचा एकेक आधार ढासळतो.

मालिकेच्या कलागुणांचा विचार करताना पहिल्या सहा भागांवर थांबावेसे वाटते, कारण तिची सर्वांत अस्सल निर्मिती तेथे आहे. नायक आंधळा, बहिरा, मुका आणि स्पर्शहीन असताना दृश्यमाध्यमाने त्याचा अनुभव कसा दाखवावा? दिग्दर्शकाने एक साधी युक्ती योजली आहे. ह्याक्किमारूला जग करड्या अंधारासारखे दिसते आणि त्यात जीवांच्या ज्योती तेवढ्या दिसतात. माणसांच्या पांढऱ्या, दैत्यांच्या लाल. माणूस रक्ताने माखला की त्या पांढऱ्या ज्योतीतही लाली शिरते. ही युक्ती पुढे कथानकाचा आधार होते, कारण मालिकेच्या उत्तरार्धात खुद्द ह्याक्किमारूचीच ज्योत लाल होऊ लागते आणि ते पाहणारा बिवामारू हा दृष्टिहीन भिक्षू असतो. बिवा हे तंतुवाद्य वाजवीत ‘हेइके’ घराण्याच्या पतनाची कथा गाणाऱ्या अंध भिक्षूंची एक मोठी परंपरा मध्ययुगीन जपानमध्ये होती. बिवामारू त्या परंपरेतला, परंतु वाद्यात तलवार दडवून हिंडणारा.

अवयव परत मिळणे म्हणजे सुख मिळणे, असे सोपे समीकरण मालिका मांडीत नाही. वेदना कळू लागते तेव्हा जखम पहिल्यांदा जखम होते. पूर्वी तो निर्भयपणे लढू शकत होता तो शूर असल्यामुळे नव्हे, त्याला दुखत नव्हते म्हणून. कान मिळतात तेव्हा आवाजांच्या गर्दीने तो बावरतो, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. पहिला सुखद ध्वनी येतो तो मिओ नावाच्या एका तरुणीच्या गाण्याचा. मिओ युद्धात अनाथ झालेल्या मुलांना सांभाळते आणि त्यासाठी रात्री सैनिकांच्या छावणीत देहविक्रय करते. तिच्याजवळ भाताच्या बियाण्याची एक पिशवी आहे. कधीतरी स्वतःचे शेत व्हावे म्हणून जपलेली. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत जाते म्हणून हेर ठरवून सैनिक तिला आणि मुलांना मारून टाकतात. ह्याक्किमारूला नुकताच आवाज मिळालेला असतो. त्याने उच्चारलेला पहिला शब्द हे तिचे नाव असते, आणि तो उच्चारला जातो ती जिवंत नसताना. बीभत्स आणि भयानक ह्यांची रेलचेल असलेल्या ह्या प्रकारात करुणाची इतकी संयत सिद्धी मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे. हे दोन भाग स्वतंत्र लघुकथा म्हणूनही टिकतील. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मिओला कोणत्याही दैत्याने मारलेले नाही. तिला माणसांनी मारले, आणि त्या माणसांवर ह्याक्किमारू तुटून पडतो तेव्हा त्याला कोणताही अवयव परत मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेझुकाच्या संहितेत दाइगो हा महत्त्वाकांक्षी, जवळजवळ खलनायकी पिता आहे. त्याला सत्ता हवी आहे. नव्या मालिकेने त्याला मुलूख दिला आणि त्या मुलुखाला सोळा वर्षे पाऊस, पीक आणि शांतता दिली. हा बदल लहान दिसतो, पण त्याने कथेची जातच पालटली. कन्नडमधील ‘केरेगे हार’ हे लोकगीत भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकांना परिचित आहे : तळे खोदले, पाणी लागेना, ज्योतिष्याने सुनेचा बळी सांगितला, धाकटी भागीरथी निवडली गेली, आणि ती पाण्यात गेल्यावर तळे भरले. ते गीत ऐकताना प्रश्न पडतो तो गावाच्या पुढच्या पिढ्यांचा. त्या तळ्याचे पाणी पिणाऱ्यांनी काय करावे? गीत तेथवर जात नाही. भागीरथीचा नवरा त्याच तळ्यात उडी घेतो आणि गीत संपते. ‘दोरोरो’ त्या तळ्याचे पाणी पिऊन वाढलेल्या माणसांची कथा आहे. ह्याक्किमारूचा धाकटा भाऊ ताहोमारू हा अशा पाण्यावर वाढलेला सज्जन तरुण. सत्य कळते तेव्हा तो आधी बापावर संतापतो. मग मुलुखातील लोकांकडे पाहतो आणि भावाच्या विरुद्ध उभा राहतो. आई नुई ही शीर नसलेल्या कान्नोनच्या मूर्तीपुढे सोळा वर्षे प्रार्थना करीत आलेली. भेट होते तेव्हा ती ह्याक्किमारूची क्षमा मागते, पण मुलूख बुडू द्यावा असे ती म्हणू शकत नाही. ती स्वतःच्या अंगात शस्त्र खुपसून घेते. एका निरपराध माणसाच्या हानीवर उभे असलेले अनेकांचे कल्याण त्याला परत मागण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारी तलवारबाजीची दुसरी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

परंतु प्रश्न मांडणे वेगळे आणि तो पेलणे वेगळे. बाराव्या भागापर्यंत घट्ट विणलेली ही कथा उत्तरार्धात सैल होते. ‘दर भागास एक पिशाच्च’ हा अशा मालिकांचा जुना साचा पुन्हा डोके वर काढतो. दोरोरोच्या बापाने दडविलेल्या खजिन्याचा शोध, त्यातील समुद्रकिनारा आणि शार्क मासे हा सगळा भाग कथेच्या गाभ्याशी ओढूनताणून जोडलेला आहे. शेवट पाच भागांवर आलेला असताना, उलटे बोलावयास लावणाऱ्या पिशाच्चाचे जे विनोदी प्रकरण येते, ते अन्यत्र रंजक ठरले असते. येथे ते लय मोडते. पंधराव्या भागाचे रेखाटन इतर भागांहून फारच वेगळे, ओबडधोबड आहे आणि त्याबद्दल प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली. मला स्वतःला तो दोष दुय्यम वाटतो, कारण त्या भागातील आशय मोलाचा आहे : दैत्याशी संगनमत करून सुखी राहिलेले एक गाव, म्हणजे दाइगोच्या मुलुखाची लहान प्रतिकृती, ह्याक्किमारूच्या विजयानंतर जळून जाते.

अधिक गंभीर दोष ताहोमारूच्या चित्रणात आहे. त्याचा निर्णय हाच कथेचा कणा. पण त्या निर्णयापर्यंतचा प्रवास थोडक्यात उरकला जातो आणि पुढे त्याला व त्याच्या दोन सेवकांना दैत्य ह्याक्किमारूचेच डोळे आणि हात बहाल करतात. कल्पना भेदक आहे : भावाच्या डोळ्यांनी भावाला पाहणे. तथापि तिचा उपयोग प्रामुख्याने अखेरच्या द्वंद्वाला चमत्कृती आणण्यासाठी केला गेला. ज्याने विचारपूर्वक बाजू घेतली तो झपाटलेला झाला की त्याच्या बाजूचा युक्तिवादही झपाटलेला ठरतो. प्रतिपक्षाला असा दुबळा करून घेतल्यावर विजयाला किंमत राहत नाही. त्याचप्रमाणे ज्या लोकांसाठी हे सारे चालले आहे ते शेतकरी पार्श्वभूमीवरच राहतात. ते भुकेले असतात, पळतात, रडतात. ह्या नवसाबद्दल त्यांना काय वाटते हे कोणी विचारीत नाही.

येथे मूळ चित्रकथेशी तुलना उद्बोधक ठरते. तेझुकाचा दाइगो हा कागा प्रांताच्या तोगाशी घराण्याचा सरदार होता, आणि ही निवड सूचक आहे. ह्याच कागा प्रांतात १४८८ साली इक्को पंथाच्या अनुयायांनी, त्यांत शेतकऱ्यांचा मोठा भरणा होता, तोगाशी मासाचिका ह्या प्रांताधिपतीचा पराभव केला आणि १५८० पर्यंत, म्हणजे सुमारे ब्याण्णव वर्षे, प्रांताचा कारभार त्यांच्या संघटनेच्या हाती राहिला. तेझुकाच्या घाईने संपविलेल्या कथेतही शेतकऱ्यांच्या उठावाचे सूत्र आहे. चित्रकथा तुटक राहिली, पण इतिहासाच्या ज्या दाराशी ती थांबली ते दार खरे होते. २०१९ च्या मालिकेत दैत्य आणि सरदार ह्या दोहोंना पर्याय म्हणून दोरोरो बापाचा खजिना पुढे करतो : पैसा असला तर लोक कोणावर अवलंबून न राहता उभे राहतील. लुटीचा तो पैसा कोणाचा, त्याने पाऊस कसा पडेल, शेजारच्या आसाकुरा घराण्याचे सैन्य कसे थांबेल, ह्यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. सोळा वर्षांचा नवस फेडण्याचे काम एका पेटीवर सोपविले आहे. (दोरोरो ही मुलाच्या वेषातील मुलगी आहे, हे आपण येथवर सांगितले नाही, मालिकाही ते बराच काळ सांगत नाही, आणि सांगितल्यानंतर त्याचे विशेष काही करीतही नाही. खजिन्याचा नकाशा जिच्या पाठीवर आहे ती अनेकदा केवळ सोडवून आणण्याची वस्तू होते.)

शरीराविषयीच्या दृष्टिकोनाबाबतही मालिका द्विधा आहे. अवयव परत मिळाल्याने माणूस ‘पूर्ण’ होतो ही तिच्या कथानकाची प्रेरणा, आणि आजच्या वाचकाला ती खटकल्यावाचून राहणार नाही. तिला आतूनच उत्तर देणारी पात्रे मात्र मालिकेत आहेत. बिवामारूला डोळे नाहीत, आणि त्याला ते नको आहेत. सर्वांत स्पष्ट पाहतो तोच. जुकाई तर एके काळी आपल्या धन्याच्या आज्ञेने माणसांना वधस्तंभावर चढवीत असे. नंतरच्या आयुष्यात तो रणांगणावर पडलेल्या प्रेतांना लाकडी हातपाय बसवीत हिंडतो. प्रेताला पायाचा काय उपयोग? हे चित्र पाहिले की अवयव ही गरज नसून ऋण आहे, असा वेगळाच अर्थ जाणवतो. हाच जुकाई पुढे ह्याक्किमारूला नवा पाय बसवून देण्याचे नाकारतो, कारण त्या पायाने तो कोठे जाणार आहे हे त्याला दिसते. आणि ज्याला जन्मदात्रीने वाचविले नाही तो ह्याक्किमारू ह्या वृद्ध पुरुषाला ‘आई’ म्हणून हाक मारतो. सांभाळणारी ती आई, एवढीच व्याख्या त्याला दोरोरोकडून कळलेली असते.

शुनःशेप बापाकडे परत गेला नाही. शूद्रही करणार नाही असे कर्म तू केलेस, असे सुनावून, आख्यानाच्या त्या कठोर भाषेत, तो विश्वामित्राचा देवरात झाला. अजीगर्ताच्या पश्चात्तापाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ह्याक्किमारूचा शेवट वेगळा आहे. जळत्या किल्ल्यात ताहोमारू डोळे परत करतो आणि नुई व जुकाई ह्यांच्यासह तेथेच मरतो. डोळे मिळालेला ह्याक्किमारू नरकमंदिरात बापासमोर जातो. दाइगो अजूनही, ह्या खेपेस स्वतःला देऊन, दैत्यांशी सौदा करावयास तयार आहे. म्हणजे त्याला दान शेवटी कळले, पण अजून सौदा म्हणूनच कळले. मुलगा त्याला मारीत नाही. माणूस म्हणून जग असे सांगतो आणि कान्नोनची ती मूर्ती त्याच्या हाती ठेवून निघून जातो. जन्माच्या वेळी बाराव्या दैत्याने मुलाच्या डोक्याऐवजी ह्या मूर्तीचे डोके नेले होते. ह्याक्किमारूला त्याचे सर्व काही परत मिळाले. मूर्तीचे शीर मात्र कोणी परत आणलेले नाही, आणि दाइगोच्या मांडीवर ती तशीच आहे.